तिकडचा तेरडा
मीरा रोडच्या बाजारात तेरड्याच्या ओल्या जुड्यांचा वास आला की आईची शेवटची गौर आठवते. आमच्याकडे तेरड्याचीच गौर पूजतात. आई खूप आजारी होती, अमेरिकेतल्या धाकटीची वाट बघत होती. धाकटी आली नाही, तिने तिथल्या ओढ्याकाठच्या केशरी रानफुलाचा फोटो पाठवला: "आई, हाही तेरडाच गं, आपल्याच कुळातला." आईने विचारलं, "मग असा वेगळा का दिसतोय?" पूजेची यादी तपासत मी म्हणाले, "लाखो वर्षांपूर्वी वेगळे झालेत ते." "परत एक नाही होत?" "नाही गं." आईने फोन उलटा ठेवला आणि धाकटीसाठी काढलेली साडी मला नेसायला सांगितली. उत्तर बरोबरच होतं. मला ते येत नसतं तर बरं झालं असतं.