सोन्याचं कडं आणि डावा पाय

सर्व क्रीडाप्रेमी बंधू-भगिनींना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, भारतीय फुटबॉलच्या भवितव्याला भिवंडी तालुक्यात जबर अपघात झालेला आहे. ज्या डाव्या पायाकडे सारे जग डोळे लावून बसणार होते, तो पाय सध्या कशेळीजवळच्या एका गोदामाच्या ऑफिसात टेबलावर ठेवलेला असतो. शेजारी उजवा पायही असतो. दोन्ही पायांचा मालक मोबाइल बघत असतो. तरी वाचकांनी दोन मिनिटे स्तब्धता पाळावी आणि मग निवांत बसावे. अपघात घडला तेव्हा मी चार हातांच्या अंतरावर उभा होतो, आणि त्याची साद्यंत हकिगत मी आजवर फक्त लग्नाच्या पंगतींत सांगत आलो आहे.

हा पाय माझ्या भाच्याचा. माझ्या थोरल्या बहिणीचं सासर खाडीकाठचं. तिच्या सासऱ्यांच्या काळात तिथे भात पिकायचा, आता गोदामं पिकतात. भात तरी वर्षातून एकदाच यायचा. भाडं दर महिन्याला येतं. त्यामुळे आमचे भाऊजी काम करत नाहीत. त्यांच्या वतीने जमीन काम करते आणि ते पांढरे कपडे घालून तिच्यावर देखरेख करतात. अशा घरात एकुलता एक मुलगा जन्माला आला, की तो काहीतरी होणारच. प्रश्न फक्त काय होणार एवढाच असतो. याने फुटबॉल निवडला.

अगदी खोटं कशाला बोलू? डावा पाय खरोखरच देणगी होती. दोन गोदामांच्या मधल्या मोकळ्या जागेत, जिथे कंटेनर वळवायला ड्रायव्हरला घाम फुटतो, तिथे हा पोरगा चेंडू घेऊन असा वळायचा की ड्रायव्हर केबिनमधून उतरून बघत बसायचे. मुंबईच्या एका क्लबाने त्याला घेतलं. एका हंगामाचा करार. सही झाली त्या दिवशी भाऊजींनी मला फोन केला.

"आपला पोर प्रोफेशनल झाला," ते म्हणाले.

"म्हंजे काय करतो आता?"

"करतो काय? प्रोफेशनल हाय ना तो!"

यापेक्षा नेमकं उत्तर मला पुढे कोणीही दिलं नाही. खुद्द भाच्यानेही नाही. मी एकदा मुद्दाम त्याच्याकडे बसायला गेलो. भिवंडीत मी लूमच्या कापडाची दलाली करतो, त्यामुळे आतून विरळ आणि वरून इस्त्रीचा माल ओळखायची मला सवय आहे. दुपारचे बारा वाजत आले होते आणि प्रोफेशनल नुकतेच उठून निळ्या ड्रममध्ये बसले होते. गोदामात रसायनं येतात ते ड्रम. त्यातला एक वरून कापून घेतला होता. त्यात बर्फ. परदेशातले मोठे खेळाडू बर्फात बसतात असं त्याने मोबाइलवर पाहिलं होतं. आता आमच्याकडे सकाळच्या वेळी एवढा बर्फ मिळणार कुठे? भाऊजींनी मासळीवाल्यांकडून आणवला होता. त्यामुळे स्नायूंचा थकवा किती गेला देव जाणे, पण तरुण बाहेर आला तो बोंबलाचा वास घेऊन. घरातली मांजर दिवसभर त्याच्या पायात. एवढी निष्ठावंत चाहती त्याला पुन्हा लाभली नाही.

"मामा, खेळ सगळेच खेळतात," तो मला टॉवेल गुंडाळून सांगत होता. "मेन असतो तो माइंडसेट."

"म्हणजे?"

"म्हणजे आपण ऑलरेडी टॉपला आहोत, असं समजून जगायचं. मग टॉप आपोआप येतो."

"आणि नाही आला तर?"

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "हाच तुमचा माइंडसेट, मामा. म्हणून तुम्ही दलालीत."

टॉपला असल्याचं समजून जगणं म्हणजे काय, ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तो कानाला हेडफोन लावून फिरायचा. एकदा मी ते उचलून कानाला लावले, तर आत काहीच वाजत नव्हतं. बालपणीचे मित्र हाक मारायचे तेव्हा मात्र ते फार उपयोगी पडायचे. सहीचा सराव वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर चालायचा, आणि ही सही इतकी वळणदार होती की बँकेने ती नाकारली. आरशासमोर मुलाखती चालायच्या. त्यात तो थोडा दमलेला असायचा, थोडा नम्र असायचा आणि सगळं श्रेय संघाला द्यायचा. संघाने तोवर त्याला एका मिनिटासाठीही मैदानात उतरवलेलं नव्हतं, पण श्रेय मात्र त्यांना नियमित मिळत होतं.

सर्वांत जास्त मेहनत गोल झाल्यानंतरच्या जल्लोषावर होती. संध्याकाळी गोदामाच्या स्लॅबवर तो पळत यायचा, गुडघ्यावर घसरायचा, हात पसरायचा आणि डोळे मिटून आकाशाकडे तोंड करायचा. खाली उभे असलेले हमाल टाळ्या वाजवायचे. चेंडू? चेंडू वर न्यायची गरजच नव्हती. गोल आधीच झालेला असायचा.

माझी बहीण हे सगळं बघायची आणि माझ्याकडे बघायची. ती एकदाच बोलली. "तू हस रे. हसायला तुला काय जातं? पण मी याला चार वर्षांचा असल्यापासून बघते. चेंडूबरोबर असला ना, की हा खरा असतो. एकदा तरी त्याला खेळायला मिळू दे. मग होऊ दे काय व्हायचं ते."

हंगाम संपत आला. शेवटचा सामना उरला. कोचने त्याला बोलावून साफ सांगितलं: या सामन्यात तुला उतरवतो, उत्तरार्धात. चांगला खेळलास तर करार वाढवायची शिफारस करतो. नाहीतर आपापल्या घरी. एवढंच. इतकं सरळ बोलणारा माणूस आमच्या तालुक्यात टिकला नसता.

दुसऱ्या कुठल्याही घरात ही बातमी ऐकून पोराला लवकर झोपवलं असतं, मुगाची खिचडी खाऊ घातली असती. पण आमच्याकडची रीत वेगळी. आमच्याकडे सत्कार आधी होतो, कर्तृत्व सवडीने. पोरगा वकिलीच्या पहिल्या वर्षाला गेला की 'ॲडव्होकेट' लिहिलेला फ्लेक्स चौकात चढतो. पुढे तो नापास होतो, पण फ्लेक्स उतरत नाही. तेव्हा सामन्याच्या आधीच्या रविवारी गावदेवीसमोर मांडव पडला. बेंजो पार्टी आली. फ्लेक्स लागला: 'भावी आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू यांचा जाहीर सत्कार.' त्यावर मानाप्रमाणे आजोबा, काका, चुलत काका, शुभेच्छुक आणि दोन स्थानिक पुढारी यांचे फोटो होते. भावी फुटबॉलपटू खालच्या कोपऱ्यात होता. आधार कार्डावरून फोटो घेतल्यामुळे तो थोडा संशयित वाटत होता.

शाल झाली, श्रीफळ झालं. मग भाऊजींनी मखमली डबी उघडली आणि सगळा मांडव पुढे झुकला. आत सोन्याचं कडं होतं. नाजूक वगैरे नव्हे. बैलाच्या गळ्यात शोभलं असतं असं. ना सांधा, ना फासा, एकसंध गोल. सोनार स्वतः आला होता. त्याने पोराच्या हाताला साबण लावला, बोटं गोळा करून धरली, दोन काकांनी कोपर धरलं आणि कडं मनगटावर चढवलं. पोरगा विव्हळला. बेंजोवाल्यांनी ते झाकून टाकलं.

"एकदा चढलं म्हंजे चढलं," भाऊजींनी माइकवरून जाहीर केलं. "आता ह्ये निघायचा न्हाय! परवा पोर खेलतोय, आनि तेरवा मिरवनूक! उघडी जीप, पुलापासून गावदेवीपर्यंत!"

टाळ्या पडल्या. पोराने हात वर करून कडं चारी बाजूंना दाखवलं. स्लॅबवर एवढे दिवस जो जल्लोष तो करत होता, तो अखेर खरा झाला होता. तेव्हाच माझ्या मनात आलं, की याचा गोल आत्ताच झाला.

"आणि हे घालून खेळणार कसा?" मी त्याला मांडवामागे विचारलं.

"वरून पट्टी गुंडाळतो, मामा. काल गळ्यात चेन घालून प्रॅक्टिस केली, कोणाला कळलं पण नाही."

"आणि पंचाला कळलं तर?"

"परत तोच माइंडसेट," तो म्हणाला.

सामन्याला आम्ही दोन गाड्या आणि एक बस भरून गेलो. बेंजो पार्टीला गेटवरच अडवलं, तेव्हा भाऊजींचं रखवालदाराशी सविस्तर बोलणं झालं आणि शेवटी बेंजो बाहेर, वाजवणारे आत, असा तोडगा निघाला. आम्ही कुंपणाच्या जाळीला चिकटून बसलो, राखीव खेळाडूंच्या बाकाच्या मागेच. पोरगा बाकावर बसला होता. मनगटावर पांढरी पट्टी एवढी जाड, की हात मोडल्यासारखा वाटावा. अधूनमधून तो मागे वळून आम्हाला बघायचा, आणि आमच्या बसमधला कोणीतरी ओरडायचा, "ए भावी!"

पूर्वार्ध गेला. उत्तरार्ध निम्मा गेला. संघ एका गोलने मागे होता, डावी बाजू दमली होती. कोच उठला आणि त्याने आमच्या पोराला बोटाने बोलावलं. माझ्या बहिणीने माझा दंड घट्ट धरला. पोराने जर्सी सारखी केली, दोन उड्या मारल्या आणि रेषेपाशी गेला. तिथे चौथा पंच उभा असतो. आत जाणाऱ्याचे बूट तपासतो, अंगावर काही दागिना आहे का बघतो. त्याने बूट बघितले. मग पट्टीवर बोट दाबलं. बोट थांबलं.

"ये क्या है?"

"पट्टी है सर."

"पट्टी के नीचे?"

पट्टी उलगडली तेव्हा उन्हात जे चमकलं, ते पाहून समोरच्या संघाचा गोलरक्षकसुद्धा दोन पावलं पुढे आला. पंचाने मान हलवली. दागिना घालून आत जाता येत नाही. काढा आणि जा. पोराने ओढलं. निघेना. कोचने ओढलं. बाकावरच्या एकाने पाणी ओतलं, दुसऱ्याने मालिशचं तेल चोपडलं. आमच्या बसमधून सल्ल्यांचा पाऊस: बोटांची मूठ कर, मूठ उघड, हात वर धर, बर्फ लाव! बर्फ म्हटल्यावर मला हसू आवरेना, म्हणून मी तोंड फिरवलं. आत खेळ चालूच होता. कोच एकदा कड्याकडे, एकदा घड्याळाकडे बघत होता, आणि बाकावरचा दुसरा एक सावळा, काटकुळा पोरगा न सांगता उठून पाय मोकळे करायला लागला होता.

तेवढ्यात मैदानाचा माळी आला. त्याच्या हातात कुंपणाची तार कापायची लांब दांड्यांची पक्कड होती. त्याने ती कोचला दाखवली. कोचने पोराला विचारलं, "काटें?"

सगळे भाऊजींकडे वळले. मी तर फारच आनंदाने वळलो. हा क्षण पंगतीत कसा सांगायचा, याची मनात जुळणी चालू होती: सोन्याला हात लावाल तर खबरदार, असं काहीतरी ते ओरडणार आणि सारा तालुका माझ्या गोष्टीत हसणार. पण भाऊजी जाळीला दोन्ही हातांनी धरून उभे होते. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी एकदा माझ्या बहिणीकडे पाहिलं. ती म्हणाली, "कापा."

"काप रं बाबा," भाऊजी माळ्याला म्हणाले. "सोनंच हाय. सोनार जोडंल परत. पोर खेलू दे."

माझी गोष्ट पार फसली. इतक्या वर्षांत या माणसाने माझी एवढी निराशा कधी केली नव्हती.

माळ्याने पक्कड उघडली. पंचाने पोराचा हात धरला. डाव्या पायाला आता फक्त एक कट्ट आवाज हवा होता. मग रेषा, मग मैदान, मग चेंडू, आणि चेंडूबरोबर तो खरा असायचा, असं त्याची आई म्हणायची. पक्कड कड्याला टेकली. पोराने पंचाच्या हातातून मनगट असं हिसकलं की पंच हेलपाटला. मग कडं छातीशी धरून, बाकावरचे, जाळीमागचे, मैदानातले सगळे ऐकत असताना तो ओरडला,

"अरे कापू नका! उद्या मिरवणुकीत हातात काय घालू?"