ज्यानं उघडला, त्यानं मिटायचा

एस्टिलकाकांना चाकू निवडता येतो, हे आमच्या खोऱ्यात कुणाला सांगावं लागत नसे. दुकान माझं, चाकू माझ्या काचेखाली मांडलेले, पण गिऱ्हाईक काचेकडे बघायच्या आधी बाहेर डोकवायचं, काका बाकावर आहेत का म्हणून. ते असले की माझं काम उरायचं पैसे घेण्याचं आणि कागदी पिशवी देण्याचं. वडिलांच्या मागे हे हार्डवेअरचं दुकान मी एकटीनं चालवलंय, खिळ्यांपासून शेगडीच्या धुराड्यापर्यंत सगळं मला तोंडपाठ आहे, तरी चाकूबद्दल माझं मत कुणी विचारलं नाही. मला त्याचा राग यायचा. अजूनही येतो.

काकांचं मत ठरलेलं असे. हौसेनं लाकूड कोरायचं असेल तर महागाच्या चाकूला हात लावू नका, त्याला दगडावर घासायला जीव होत नाही आणि शेवटी तो कपाटात पडून राहतो. स्वस्तातला घ्या, पण पातं पातळ आणि सरळ धारेचं बघा. गंजणाऱ्या साध्या पोलादाचं असेल तर फारच चांगलं, ते धार लवकर धरतं. मूठ हातात भरली पाहिजे. थोडा वेळ कोरल्यावर जो तळव्याला टोचतो, तो फुकट मिळाला तरी नको. आणि ज्यात कात्री, बाटली उघडायचा आकडा आणि दात कोरायची काडी असते, तो दात कोरायला घ्या. हे शेवटचं ते प्रत्येकाला सांगत, प्रत्येक वेळी स्वतःच हसत आणि मग खोकत. कोळशाच्या खाणीतून बाहेर पडलेल्या सगळ्यांसारखा त्यांचाही खोकला हसण्यापेक्षा लांबत असे.

दुकानाबाहेरच्या बाकावर बसून ते पांढऱ्या मऊ लाकडाच्या एका काठीतून अख्खी साखळी कोरायचे, कुठेही सांधा नाही, जोड नाही. ती साखळी द्यायचे कुणालाही. पोस्टमनच्या गाडीत एक टांगलेली होती, दंतवैद्याच्या खोलीत एक. आमच्या डेल्फाकाकू म्हणायच्या की लग्नात यांनी मला सोन्याची कबूल केली होती, आता लाकडाच्या इतक्या झाल्यात की घर बांधून ठेवता येईल.

बाकावर एक नियम होता. उघडा चाकू दुसऱ्याला दिला तर त्यानं तो उघडाच परत करायचा. ज्यानं उघडला, त्यानंच मिटायचा. दुसऱ्यानं मिटला तर उघडणाऱ्यावर काहीतरी ओढवतं. आमच्याकडे हे सगळेच पाळतात, पण काका ते नुसतं पाळत नसत, त्याला भीत असत. त्यांचा धाकटा भाऊ आर्ली खाणीत जेवणाच्या सुट्टीत सफरचंद कापत बसला होता. शेजारच्यानं चाकू मागितला, आर्लीनं उघडाच दिला आणि शेजाऱ्यानं आपलं काम झाल्यावर, बोलण्याच्या नादात, मिटून परत केला. त्याच दुपारी छत खाली आलं. काकांनी आर्लीला स्वतःच्या हातांनी उकरून काढलं, तेव्हा तो मिटलेला चाकू त्याच्या खिशात होता. छत काही चाकू बघून कोसळत नाही, असं मी एकदा म्हटलं होतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा तो विषय मी काढला नाही.

त्या वर्षी पहिलं दंव पडलं त्या सकाळी काका बाकावर बसले नाहीत. सरळ आत आले आणि मागे दार लावून घेतलं.

"पोरी, खटक्याचे चाकू दाखव."

खटक्याच्या चाकूचं पातं उघडलं की अडकून बसतं. पाठीवरचा खटका अंगठ्यानं जोरात दाबला तरच मिटतं. असले चाकू म्हणजे स्वतःच्याच चाकूला भिणाऱ्यांचे, असं काकाच इतकी वर्षं सांगत आले होते. आज सूर्य कुठून उगवला, मी विचारलं. ते हसले नाहीत. साधा चाकू हल्ली कोरता कोरता बोटांवर मिटतो, एवढंच म्हणाले.

मी त्यातला त्यात स्वस्त, पातळ पात्याचा काढून दिला. पात्यावरच्या खाचेत त्यांनी नख घातलं. ते निसटलं. पुन्हा घातलं, पुन्हा निसटलं. मग त्यांनी माझ्याकडे पाठ केली, पातं दातांत धरलं आणि ओढून उघडलं. वळून, नेहमीच्या सवयीनं, धारेवरून अंगठा फिरवला आणि मूठ जरा सडपातळच आहे, पण चालेल, असं काहीसं बोलू लागले. माझ्या काचेवर लाल थेंब पडला. मग दुसरा. ते मुठीबद्दल बोलतच होते.

"काका, बोट."

"काय बोट?"

"कापलंय."

त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं, रस्त्यात पडलेला कुणाचा तरी हातमोजा पाहावा तसं. तेव्हा मला दिसलं की त्यांची सगळी बोटं मेणबत्तीसारखी पांढरी पडली आहेत. अर्धं आयुष्य दगडात ड्रिल धरून ठेवलं की खाण फुप्फुसं घेते हे आम्हाला ठाऊक होतं. बोटंही घेते, हे कुणी बोलत नसे. थंडीत त्यांत रक्त जायचंच सोडून देतं. आधी एक बोट बधिर झालं, म्हणाले, मग एकेक करत सगळी.

मी चिंधी बांधत होते, तेव्हा ते खालच्या आवाजात म्हणाले, "डेल्फाला सांगू नकोस. ती सगळे चाकू ओढ्यात फेकेल, आणि तिचं बरोबरच असेल. पण मग मी काय करू गं? नुसतं बसून श्वास मोजू? कोरताना मला श्वास आठवत नाही."

मी गाठ जरा जास्तच आवळली.

मग ते चाकू मिटायला लागले आणि तो मिटेना. खटका अंगठ्याखाली होता, पण अंगठा दाबतोय की नुसता टेकलाय हे त्यांना कळत नव्हतं. कपाळावर घाम आला. मी हात पुढे केला, म्हटलं, आणा इकडे, मिटते मी. त्यांनी हात झटकन मागे घेतला.

"तू नाही. मी उघडलाय."

नेमका तेव्हाच बर्चेल आत आला. हा आमच्या बाकावरचा सगळ्यात तोंडाळ माणूस. "काय एस्टिल, चाकू निवडतोयस की दुसरी बायको? एवढा वेळ तर पहिलीलाही लावला नव्हतास," तो म्हणाला. एरवी काकांनी त्याला तिथल्या तिथे गप्प केलं असतं. त्या दिवशी त्यांनी उघडा चाकू तसाच मुठीत धरून कोटाच्या खिशात घातला, दुसऱ्या हातानं नोटा टाकल्या आणि निघाले. मी हाक मारली. पण बर्चेलसमोर काय म्हणून हाक मारायची होती? काका, तुम्हाला चाकूसुद्धा मिटता येत नाही, परत या?

त्यांचा पिकअप पुलाच्या अलीकडे, दुकानासमोरच उभा होता. ते आत बसलेले दिसले. मी एका बाईला रंगाचे डबे दिले, एकाला कुलूप दिलं. पिकअप हलला नव्हता. काचा आतून धुकटल्या होत्या. मला आधी चीड आली, आणि ही चीड नाही, भीती आहे हे कळलं तसा मी रस्ता ओलांडला.

दार उघडलं तर काका शांत बसले होते. हात अजून खिशातच. चेहरा त्या बोटांसारखाच पांढरा.

"आलीस? जरा थांब," ते म्हणाले. "हात गरम व्हायला लागलाय बघ. बऱ्याच दिवसांनी. बोटांना ऊब आली की मिटतो."

त्यांचा कोट त्या बाजूनं काळा झाला होता. सीटवरून खाली, पायाशी ठिबकत होतं.

मी किंचाळले असेन, कारण बर्चेल धावत आला. गाडी त्यानं चालवली. मी काकांचा हात माझ्या एप्रनमध्ये गुंडाळून वर धरून ठेवला होता आणि चाकू त्या मुठीत तसाच उघडा होता, अंगठा खटक्यावर नाही, धारेवर; बोटं मला सोडवता येईनात.

हॉस्पिटलमधली नर्स सपाटीवरच्या गावची होती, मायाळू; आमचा नियम तिला ठाऊक नव्हता. तिनं काकांची मूठ उघडली, चाकू काढून धुतला, पुसला, खटका दाबून टक्कन मिटला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे दिला. कुणाला लागायला नको, म्हणाली. छत चाकू बघून कोसळत नाही म्हणणारी मी. मी ती पिशवी दोन बोटांनी लांब धरली.

डॉक्टरांनी सांगितलं की अंगठ्याची शीर तुटली होती, ती जोडली आहे, पण ज्या हातात आधीच रक्त जात नाही त्याबद्दल ते कसली हमी देणार नाहीत. डेल्फाकाकू मांडीवर पर्स घेऊन सगळं ऐकत होत्या. मला एकदाही विचारलं नाही की तुला कधीपासून माहीत होतं.

काका जागे झाले ते चाकूसाठीच.

"कुठाय?"

"माझ्याकडे आहे."

"उघडा?"

"मिटलेला."

त्यांच्या छातीतली श्वासाची शिट्टी थांबली. "कुणी मिटला?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तुम्हीच. पिकअपमध्ये. बोटांना ऊब आली म्हणालात आणि खटका दाबलात. आठवत नाही?"

त्यांनी पट्ट्यांतल्या हाताकडे पाहिलं.

"या हातानं?"

"मग काय माझ्या?"

त्यांना भीती वाटू नये म्हणून मी बोलले होते. आपण त्यांच्या हातात काय देऊन बसलो, हे त्यांचा चेहरा उजळला तेव्हा मला कळलं. ते काकूंना म्हणाले, ऐकलंस, या हातानं मिटला. मग मला सांगू लागले की आता खटक्याचा नको, तो परत घे. साध्या पोलादाचा दे, पातळ पात्याचा, मूठ जरा जाड बघ. पट्ट्या सुटल्या की येतोच. त्यांचा आवाज मला किती तरी दिवसांनी इतका मोकळा वाटला.

"खोटं वाटतं तुम्हाला?" त्यांनी बांधलेला हात चादरीवरून उचलला. पट्ट्यांच्या गुंडाळ्यातून अंगठ्याचं टोक तेवढं बाहेर आलं होतं, पांढरं. "हे बघ. हलतोय."

डेल्फाकाकूंनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

अंगठा हलत नव्हता. काका माझ्याकडे बघत होते.

"हलतोय की," मी म्हटलं.