हात रिकामा राहू नये म्हणून

मला बसवत नाही. पहिल्यापासूनच नाही. शाळेत मुलं पाढे म्हणतात तेव्हा मी वर्गात येरझाऱ्या घालतो, आणि एसटीची वाट बघताना अख्ख्या स्टँडला फेऱ्या मारतो. लग्नात पाटावर बसवलं तेव्हासुद्धा माझा एक पाय उठायच्या बेतात होता, असं बायको सगळ्यांना सांगते.

जव्हारला गावाबाहेर आमचं छोटं घर आहे. माझी शाळा मोखाड्याच्या बाजूला. रोज मोटारसायकलने जाऊन येऊन करतो. उरलेल्या वेळात मी गिटारी बनवतो. हे सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या बायकोकडे. तिचा चेहरा बघून त्याची खात्री पटते.

सुरुवात मुलामुळे झाली. तो नाशिकला कॉलेजात आहे. एका सुट्टीत कुणाची तरी फुटकी गिटार घेऊन आला आणि इथेच विसरून गेला. पावसाळ्यात ती मागच्या बाजूने उकलली. मी आत डोकावलो, तर पातळ फळीला आतून चिकटवलेल्या चार काड्या, बस. एवढ्यावर हिचा आवाज उभा? “हे तर आपल्याला जमेल,” मी मोठ्याने म्हणालो. बायकोने ते ऐकलं होतं, आणि तेव्हाच अडवलं नाही याचं तिला अजून वाईट वाटतं.

वेगळी जागा नाही, म्हणून सगळं घरच कारखाना झालं. रंधा मारायचा दारापुढच्या ओट्यावर. चिकटवलेली फळी दाबून ठेवायला जात्याचा वरचा दगड. कडा धरून ठेवायला कपड्यांचे चिमटे; ऐन पावसाळ्यात मी दोरीवरचे झाडून सगळे चिमटे नेले आणि तिची साडी शेजाऱ्यांच्या पेरूवर जाऊन बसली. गिटारीच्या बाजू वाकवायला मोरीतला तांब्याचा बंब. तो पेटवायचा, भिजवलेली पातळ पट्टी त्याच्या तापलेल्या धुराड्यावर दाबत दाबत फिरवायची, की लाकूड हळूहळू ऐकायला लागतं. दांडगाई केली की मोडतं. तोवर मोरीत कुणी यायचं नाही.

“आज आंघोळीचं पानी तापतंय का गिटार?” बायको बाहेरून विचारायची. “आनि हे कवा संपनार, गुरुजी?” ती मला गुरुजी म्हणाली की समजायचं, पारा चढलाय.

पहिल्या दोन गिटारी आमच्याकडच्या ओल्या धुक्याने वाकड्या केल्या. मी म्हटलं, शिकतोय, होईल. तेव्हा घाई नव्हती.

मग मागच्या हिवाळ्यात एका रविवारी सरस वाळत होता आणि मला करायला काहीच नव्हतं. ओट्यावर टेकलो होतो. उजव्या हाताचा अंगठा बोटावर आपोआप घासत होता, विडी वळतात तसा. मी बघत राहिलो. थांब म्हटलं, थांबेना. उठून रंधा हातात घेतला तर थांबला. ठेवला, की परत सुरू.

नाशिकच्या डॉक्टरांनी मला चालायला लावलं, लिहायला लावलं, आणि कंपवात म्हणाले. हात रिकामा असला की हलेल, कामाला लावला की शांत होईल, असं त्यांनी समजावलं. पण पुढे पुढे कामातही त्रास देईल, म्हणाले. पुढे म्हणजे कधी, ते त्यांनाही सांगता येईना. मी गोळ्या घेतल्या आणि घरी येऊन सांगितलं की मणक्याची तपासणी होती, काही नाही निघालं. मी घाबरलो होतो. नाव तोंडातून काढलं की ते घरात येऊन बसेल असं वाटलं.

त्यानंतर मला दोनच गोष्टी हव्या होत्या. हात आहे तोवर एक तरी गिटार धड व्हावी. आणि बायकोला तो हात रिकामा दिसू नये. शाळेतून आलो की चपला काढायच्या आत कानस हातात. रविवारी उजाडल्यापासून मोरी अडवलेली. ती भांडायची, मी काम करायचो. भांडण चालू आहे तोवर तिला काही कळलेलं नाही, असा माझा हिशोब होता.

त्या घाईत मी चूक केली. जव्हारच्या पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, तिथे लाकूड कसं वाळणार? आमच्याकडे भाताचं, नागलीचं बियाणं चुलीवरच्या माळ्यावर ठेवतात. धूर लागला की कीड लागत नाही, ओल धरत नाही. मी हेच बघत मोठा झालो. मागच्या पडवीत आमची चूल आहे, तिच्यावर माळा आहे. शिवणीच्या झाडाच्या चांगल्या फळ्या मी बियाण्याशेजारी चढवल्या. वाळल्या मस्त. वरची काजळी रंध्याने काढली आणि गिटार जोडली.

तारा चढवल्या त्या संध्याकाळी ती वाजली. खरंच वाजली. मला धड सूर लावता येत नाहीत, तरी मी घरभर ती छेडत फिरलो आणि बायको हसली. सकाळी चहा पिताना धाडकन आवाज झाला. तारा जिच्यात अडकवतात ती घोडी ताणाने उखडून भांड्यांच्या मांडणीवर जाऊन आदळली होती. धूर आतपर्यंत मुरलेला, सरसाने लाकूड धरलंच नव्हतं. बियाण्याला मानवतं ते गिटारीला मानवत नाही, हे मला सांगणार कोण? इथे दुसरा कोण गिटार बनवतोय?

आता घरात लाकडाचा तुकडा उरला नाही. गावागावांत जुनी घरं उतरवून पक्की बांधतात तेव्हा फळ्या मिळतात, पण भर पावसात कोण घर उतरवतो? हात रिकामा झाला. मी तो खिशात ठेवायचो, मांडीखाली दाबायचो, वर्तमानपत्राखाली सारायचो, तर कागद फडफडायचा. चहा गार आहे, भाजीत मीठ जास्त आहे, म्हणून ओरडायचो. ती उलटून बोलेना. त्याची मला जास्त भीती वाटायला लागली.

एक दिवस ती न सांगता माहेरी गेली, खोडाळ्याच्या पुढे. मला वाटलं, कंटाळली. संध्याकाळी दाराशी जीप थांबली. ती आणि ड्रायव्हर टपावरून काहीतरी उतरवत होते. दार होतं. शिवणीचं, रुंद फळ्यांचं, जुनं.

“भावानं नव्या घराला लोखंडी बसवलं,” ती धापा टाकत म्हणाली. “हे गोठ्याला आडवं टाकलेलं. मी मागून आनलं.”

आम्ही दोघांनी ते ओट्यावर आडवं ठेवलं. लाकूड कोरडं होतं, उभ्या रेषा सरळ. मी म्हणालो, “हे हातकरवतीने चिरायलाच महिने जातील.”

“जाऊ द्या.”

“पुढे गिटार व्हायला आणखी…”

“लवकर नका करू. झाली का तुमी बसनार, बसला का तो हात…” ती थांबली. पदराने मान पुसत राहिली.

मी डाव्या हाताने फळ्यांवरची धूळ पुसली. मग विचारलं, “कधीपासून माहीत आहे?”

“कपबशी डाव्या हातात आली तवापासून.”

“मग रोज भांडत का होतीस एवढी?”

“भांडले नसते तं तुमाला कळलं असतं, मला कळलंय म्हनून.”

मी दाराशेजारी खाली बसलो. खिशातून हात काढला आणि तिच्यासमोर त्या लाकडावर ठेवला. अंगठा लगेच सुरू झाला. टक टक, टक टक. मी तो दाबला नाही. तीही बाजूला बसली आणि कान देऊन ऐकत राहिली.

“वाजतंय की चांगलं,” ती म्हणाली.