शैलाकाकू पुढच्या दारानं उतरायच्या

शैलाकाकू गेल्याचं मला मेट्रोत कळलं. आई फोनवर नुसतं "काकू..." म्हणाली आणि थांबली. मी पुढच्या स्टेशनवर उतरले आणि तिथल्या बाकावर बसून पोटभर रडले.

मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत त्या वरच्या मजल्यावर राहायच्या. नव्वदच्या दशकातले दिवस, दर दसऱ्याला कुणाकडे तरी नवी गाडी यायची, नारळ फुटायचा. आमच्याकडेही आली. मी नववीत होते आणि बसला जाम घाबरायचे, म्हणून मला शाळेत सोडायला बाबांनी ड्रायव्हर ठेवायचं ठरवलं. काकू पेढा खायला आल्या, तो तोंडात ठेवूनच म्हणाल्या, "अच्छा! एवढ्याशा पोरीसाठी एवढं धूड यमुनेपार जाणार? धूर शेवटी हिच्याच नाकात जायचाय, भाऊजी."

"पण दिल्लीच्या बसमध्ये मुलगी एकटी?" बाबा म्हणाले.

"एकटी कशी? मी आहे ना!"

काकूंचं ऑफिस माझ्या शाळेच्या अलीकडेच होतं, तरी आठवडाभर त्या शाळेपर्यंत आल्या. मग एके दिवशी एक स्टॉप आधीच उठल्या. "मला काम आहे. तू जा," म्हणाल्या आणि पुढच्या दारानं उतरल्यासुद्धा! गर्दीत मान वळवायचीही हिंमत नव्हती. शाळा दिसताच मी ओरडले, "भैया, रोकना!" आणि ती एवढी मोठी बस माझ्यासाठी थांबली... त्या दिवशी मी घरी आले ती राणीसारखी. पुढे काकू दोन स्टॉप आधी उतरू लागल्या, मग तीन, आणि ड्रायव्हरचा विषय आपोआप मिटला. सोसायटीतल्या कितीतरी मुलामुलींना त्यांनी अशीच बसची सवय लावली. सगळी दिल्ली त्यांनी माझ्या हातात ठेवली, असं मला आजही वाटतं.

तेराव्याला मी हे सांगत होते, तर काका रडता रडता हसले. "उतरायची कुठली? पुढून उतरून धावत मागच्या दारानं परत चढायची! तू शाळेच्या फाटकात शिरलीस की मगच ऑफिसला. रोज बोलणी खायची साहेबांची, पण बधली नाही."



माझी लेक आता चौदा वर्षांची आहे आणि क्लासला जायला तिला टॅक्सीच हवी असते. परवा तिला घेऊन मेट्रोनं निघाले. तिच्या स्टेशनच्या एक स्टेशन आधी म्हटलं, "मला काम आहे. तू जा." ती घाबरून बघत राहिली. मी उतरले आणि पदर खोचून पळत मागच्या डब्यात चढले. तिला हे कळायला नको... निदान मी आहे तोवर तरी.