गुऱ्हाळापाशी जागा बदलायची

माझी चूक आधीच सांगून टाकतो, कारण ती शेवटापर्यंत झाकून ठेवण्याचं बळ आता माझ्यात उरलेलं नाही. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत मी नापास झालो आणि माझी बायको सुनंदा पास झाली. गावी जाऊन मी वडिलांना सांगितलं की मी पास झालो आणि ती नापास झाली. वाक्य एवढंसं होतं. ते वागवता वागवता मात्र मी दमलो.

गावात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या गाव सोडलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. आमचं गाव बिद्रीच्या पलीकडे, कोल्हापुरापासून तासाभराच्या अंतरावर. तुमच्यातले कुणी पुण्याला गेले, कुणी आखातात. तासाभरावर राहायला गेलेल्या माणसाने गाव सोडल्याचं दुःख सांगावं का, असं वाटेल. पण गाव सुटतं ते अंतरामुळे नाही. आपण तिथे खरं बोलायचं थांबतो, त्या दिवशी ते सुटतं. मला हे फार उशिरा कळलं.

आम्ही निघालो ते नव्वदच्या दशकात. मला कोल्हापुरात एका पतसंस्थेत नोकरी लागली होती आणि कळंब्याला दोन खोल्या भाड्याने मिळाल्या होत्या. अंगणात टेम्पो उभा होता. त्यात लोखंडी कपाट, पलंग, आईने दिलेला पिठाचा डबा आणि गुळाची ढेप. आमचं अंगण अरुंद. एका बाजूला गोठा, मागच्या बाजूला उकिरडा. टेम्पोवाल्याला गाडी मागे घेता येईना. तेव्हा आण्णा, म्हणजे माझे वडील, त्याच्या मागे जाऊन उभे राहिले आणि हात हलवत ओरडू लागले, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास!" टेम्पो सुटला.

आण्णा ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडून कारखान्यावर न्यायचे. एकामागे एक जोडलेल्या ट्रॉल्या मागे घेणं हे भल्याभल्यांना जमत नाही. आण्णा ते विडी ओढत करायचे, आणि कारखान्याच्या आवारात लोक बघायला थांबायचे. मी त्यांचा एकुलता एक मुलगा, आणि सोळाव्या वर्षी मी तोच ट्रॅक्टर पाटात घातला. त्यानंतर त्यांनी मला स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "तू आपला खुर्चीवर बसायचा गडी हाईस."

टेम्पो निघताना मात्र त्यांनी माझ्या खिडकीशी येऊन सांगितलं, "जातुयास तर जा. पर यष्टीला लोंबकळत येऊ नगोस. येशील तवा आपल्या हातानं गाडी चालवत ये."

पुढची काही वर्षं आम्ही एसटीनेच जात राहिलो. आण्णा थांब्यावर येऊन पिशवी घ्यायचे आणि पुढे चालू लागायचे.

पस्तिशी उलटल्यावर मी कळंब्याच्या एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. सुनंदा म्हणाली, "मी पण शिकते की." ती इचलकरंजीची. तिच्या माहेरी घराला लागूनच यंत्रमागांची शेड होती, यंत्राच्या आवाजात ती मोठी झालेली. यंत्र तिला घाबरवत नव्हतं. मला वाटलं, येऊ दे, सोबत होईल. खरं सांगायचं तर वाटलं, तिला जमणार नाही, मग माझं न जमणं तेवढं दिसणार नाही.

परीक्षेच्या दिवशी आमच्या रांगेत सगळी कॉलेजची पोरं. त्यांत मी डोक्याला टक्कल पडत चाललेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला. पुढे जाणं, वळणं, थांबणं नीट झालं. मग परीक्षा घेणारे आरटीओचे साहेब म्हणाले, आता रिव्हर्स घेऊन त्या दोन पिंपांच्या मधे लावा.

शिकवणाऱ्याने सांगितलेलं सगळं त्या क्षणी डोक्यातून गेलं आणि आण्णांचा आवाज आला. लहानपणी मडगार्डवर बसून शंभरदा ऐकलेला. "ट्रॉली डावीकडं न्यायची तर चाक उजवीकडं." ट्रॉलीला ते बरोबर आहे, ती जोडाशी मुडपते आणि उलटीकडे वळते. माझ्या मागे ट्रॉली नव्हती. गाडी डावीकडे घ्यायची म्हणून मी चाक उजवीकडे पुरतं फिरवलं, गाडी सरळ उजव्या पिंपावर गेली आणि पिंप गडगडत पोरांच्या पायाशी गेलं.

साहेब खिडकीत वाकून म्हणाले, "काय पावणं, मागं ट्रॉली जोडलीया व्हय?"

पोरं हसली. मीही हसलो. वडिलांकडून मी आयुष्यात गाडीबद्दल एकच गोष्ट शिकलो होतो, आणि तिनेच मला नापास केलं, हे कुणाला सांगणार?

साहेबांनी पिंप परत उभं केलं आणि सुनंदाचं नाव पुकारलं. तिने पदर खोचला, मान मागे वळवली आणि गाडी पिंपांच्या मधे अशी नेऊन ठेवली जशी तव्यावर भाकरी टाकावी. साहेब म्हणाले, "बाई पास."

त्याच रविवारी आम्ही गावी गेलो. आण्णा थांब्यावर आले होते. घरी पोचल्यावर चहा होईपर्यंतही त्यांना दम निघेना. शेजारचे दोघंतिघं येऊन बसले होते, चुलतभावाची बायको मंदावहिनी आली होती. आण्णांनी विचारलं, "काय झालं रं परीक्षेचं?"

मी म्हणालो, "झालो की पास."

आण्णांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. इथे थांबलो असतो तर निदान एवढ्यावरच निभावलं असतं. पण त्यांनी विचारलं, "आन् सूनबाई?"

"ती राहिली," मी म्हणालो. "देईल परत."

सुनंदा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिने तांब्या खाली ठेवला आणि आत गेली. मंदावहिनी हसून म्हणाली, "आवं, बायकांनी लाटणं फिरवावं, चाक कशाला?" आईने लिंबू-मिरची काढून ठेवली, येणाऱ्या गाडीसाठी.

परतीच्या एसटीत सुनंदा एवढंच बोलली. "तुमी पास झाला म्हणून सांगितलं, ते समजतं मला. पर मला नापास कशापायी केलं?"

माझ्याकडे उत्तर होतं, ते मी दिलं नाही.

पुढे आम्ही एक जुनी पांढरी गाडी घेतली. मी परत परीक्षेला बसायला हवं होतं. पण परत बसायचं म्हणजे आधी नापास झालो होतो हे आलंच, आणि कोल्हापुरात गावचं कुणी ना कुणी भेटतंच. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत शिकाऊ लायसन्सची मुदत संपली. कोल्हापुरात गाडी सुनंदाच चालवायची. कळंब्याचा तलाव मागे पडला की सरळ बिद्रीचा रस्ता, हंगामात उसाच्या गाड्यांनी भरलेला. त्यांच्या मधून ती शांतपणे वाट काढायची. गावाच्या अलीकडे एक गुऱ्हाळ आहे. चिपाडांचा ढीग रस्त्यापर्यंत आलेला असतो, त्याच्या आडोशाला ती गाडी थांबवायची. ती उतरून पुढून यायची, मी उतरून मागून जायचो, म्हणजे वाटेत एकमेकांना तोंड दाखवायला नको. मग तिथून घरापर्यंत मी चालवायचो, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, घामाघूम होऊन. मागे बसलेल्या आमच्या मुलीला याबद्दल कुणाशी बोलू नको असं आम्ही कधी सांगितलं नाही. ते ती आपणच शिकली. याची लाज मला सगळ्यांत जास्त वाटते.

गावात सुनंदाला दर सणाला तोच प्रश्न. "काय वैनी, औंदा तरी पास व्हनार का न्हाय?" ती हसायची आणि परातीतलं पीठ मळत राहायची. मी बाहेर आण्णांशेजारी बसून गाडीबद्दल बोलायचो.

अंगणातून निघताना गाडी मागे घ्यावी लागायची. मी ते टाळायचो, काही ना काही सबब काढून शेजारच्या पोराला किल्ली द्यायचो. एका दिवाळीला गेलो तर मागचा उकिरडा नव्हता. आण्णांनी तो हलवून जागा सपाट केली होती आणि कुंपणाला मागून वाट पाडली होती. गाडी समोरून आत, सरळ पलीकडून बाहेर. मला वाटलं, मुलाच्या गाडीचं कौतुक. मी सुनंदाला म्हणालोसुद्धा, "बघ, आण्णांना किती अप्रूप आहे." ती माझ्याकडे बघत राहिली.

मग ती जत्रा आली. आम्ही नेहमीसारखे गुऱ्हाळापाशी थांबलो. सुनंदा उतरून पुढून आली, मी मागून गेलो, आणि चिपाडांच्या ढिगामागून आण्णा बाहेर आले. जत्रेच्या पाहुण्यांसाठी काकवी न्यायला आले होते. हातात किटली होती.

ते आमच्याकडे बघत राहिले. ती गाडीच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. दोन्ही दारं उघडी.

आण्णा मागच्या सीटवर नातीशेजारी बसले, किटली मांडीवर घेतली. मी स्टेअरिंगकडे वळलो, तसे म्हणाले, "तू न्हाय. सूनबाई, तूच चालीव. मला घरापत्तूर जित्तं जायाचं हाय."

मुलगी खुदकन हसली. मी शेजारच्या सीटवर जाऊन बसलो. गाडी निघाल्यावर आण्णा मागून म्हणाले, "मागं घेत न्हाय तो ड्रायव्हर न्हवं. मला काय कळत न्हाय व्हय? उकिरडा कशापायी हलवला वाटलं तुला?"

घर जवळ आलं तसे ते हळू म्हणाले, "माझीच चूक हाय. जाताना तसलं बोलाय नगं हुतं."

त्यांचं ते वाक्य मला अजून झोपू देत नाही. खोटं माझं होतं, आणि तो म्हातारा ते स्वतःच्या अंगावर ओढून घेत होता.

त्या दिवशी मागची वाट पाहुण्यांच्या मोटरसायकलींनी भरली होती. गाडी रस्त्यावरून मागे घेतच अंगणात आणावी लागणार होती. आण्णा उतरले, किटली आईच्या हातात दिली आणि गोठ्यापाशी उभं राहून हात हलवू लागले. "येऊ दे, सूनबाई. येऊ दे, येऊ दे... बास!" गोठ्याची भिंत आणि गाडी यांच्यात वीतभर जागा उरली. अंगण भरलेलं होतं. मंदावहिनी परात हातात घेऊन तशीच उभी. "आँ? ही कवा पास झाली वो?"

सगळे आण्णांकडे बघू लागले. आण्णांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि पाय धुवायला मोरीकडे निघून गेले. आता सगळे माझ्याकडे बघत होते.

आण्णा आता नाहीत. मला पुढे लायसन्स मिळालं, दुसऱ्या खेपेला, रिव्हर्ससकट, पण ते दाखवायला ज्याच्याकडे जायचं तो माणूस राहिला नाही. आम्ही गावी जातो तेव्हा सुनंदाच चालवते. गुऱ्हाळ येतं आणि मागे जातं, कुणी थांबत नाही. घर म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन, जिथे पोचण्याआधी जागा बदलावी लागत नाही ते. माझं घर तासाभरावर होतं आणि मला तिथे पोचायला कितीतरी वर्षं लागली. पोचलो ते त्या जत्रेच्या दिवशी, अंगणात सगळे माझ्या तोंडाकडे बघत असताना.

त्या दिवशी सुनंदा अजून गाडीतच होती, हात चाकावर. मी तिच्या खिडकीपाशी गेलो, पण बोललो ते सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"ही पहिल्याच दिवशी पास झालीया. नापास मी झालतो. दोघं पास म्हटलं असतं तरी चाललं असतं, पर हिच्या बरोबरीनं पास व्हायचं मला जड गेलं, म्हणून हिला खाली पाडलं. सुनंदा, तू इचारलंवतंस ना, नापास कशापायी केलं? ह्याच्यापायी. चुकलो मी. मला माफ कर."