न विचारलेला प्रश्न

गर्भपिशवी काढल्यावर सात-आठ महिने मी घरात कुणाशी बोलत नव्हते. तशीही मी कमीच बोलते, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. गावच्या आशाताईंच्या मात्र आलं. त्या यायच्या, शेंगा फोडत बसायच्या, काही विचारायच्या नाहीत. पुढं बायकांच्या मनाचं दुखणं ऐकायला गावातलीच एक बाई नेमायची ठरली, तेव्हा त्यांनी मला पुढं केलं.

"आवं, मी चौथी शिकलेली. मला चार माणसांत बोलता येत न्हाई."

"म्हणून तर तुला घेतली. बोलणाऱ्या लय हायत. त्यांना सांगितलं की दुपारपातुर गिरणीत बातमी."

सांगलीत सहा दिवस शिकवलं. सल्ला द्यायचा नाही, देवाधर्माचं सांगायचं नाही, ऐकायचं. ते मला जमण्यासारखं होतं. एकच गोष्ट जमेना. बाई फार खचलेली दिसली तर सरळ विचारायचं, मरायचा विचार मनात येतो का? शिकवणाऱ्या मॅडमनी माझ्याकडून ते तीनदा म्हणवून घेतलं. तिन्ही वेळा आवाज घशातच राहिला. "विचारल्यानं कुणी मरत नाही," त्या म्हणाल्या.

आमच्या विट्याकडचे किती तरी पुरुष सोनं गाळायच्या, गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात असतात. खालच्या आळीतल्या एकीचा नवरा तसाच, यात्रेपुरता यायचा. लेक सासरी. ती एकटी. मी दर मंगळवारी तिच्याकडं जायची.

"आलीस व्हय, मुकी डाक्टरीण?" पहिल्या दिवशी ती हसून म्हणाली. मग हळूहळू हसणं गेलं, जेवण गेलं, वेणी घालणंही गेलं.

एका मंगळवारी मी दारातून नेहमीसारखं विचारलं, "आवरलं का?" आमच्याकडं बाई बाईला हेच विचारते. धुणंभांडी झाली का, एवढाच त्याचा अर्थ.

"आवरलं. सगळं आवरलं बघ."

घर सारवून लख्ख केलेलं. शेळी जावेच्या गोठ्यात नेऊन बांधलेली. लेकीच्या बाळाची दुपटी शिवून, घड्या घालून ठेवलेली. वेणीसुद्धा घातली होती. मला वाटलं, बरी व्हायला लागली. प्रश्न ओठावर आला होता. पण इतक्या दिवसांनी तिचा चेहरा शांत दिसत होता, आणि तसलं विचारायची मला लाज वाटली. चहा पिऊन उठले.

गुरुवारी तिनं जीव दिला.

माझा दोष नाही, असं मॅडम म्हणतात. आशाताईही म्हणतात. मी ऐकून घेते. आता तो प्रश्न मी प्रत्येकीला विचारते, आवाज चांगला फुटतो. "ही बया दारातनंच मरणाचं इचारती," म्हणून दोन सासवांनी मला घरात घ्यायचं बंद केलं.

दहाव्यानंतर तिची लेक त्यांच्या दारात भेटली. बाळ कडेवर होतं.

"मावशी, तुमी दर मंगळवारी बसायचा. आई कवा मरायचं बोलली का तुमाला?"

"मी इचारलंच न्हाई, बाळा."

तिनं बाळाचा रडका चेहरा पुसला आणि ती आत निघून गेली.