गॅस असेल

हे आजपर्यंत मी कुणालाही सांगितलेलं नाही. असल्या गोष्टी माणसाच्या तोंडून निदान दारूच्या भरात तरी निसटतात — माझी तीही सोय राहिली नाही, कारण दारू मी सोडली. सिगरेट सोडली, साखर सोडली, ऑफिसखालची चायनीजची गाडी सोडली. काय काय सोडलं ते मी कुणालाही घडाघडा सांगतो, विचारायचाच अवकाश. खरं बोलणं कधी सोडलं, ते मात्र कुणी विचारत नाही. मग आजच कशाला सांगतोय? ते शेवटी कळेल बहुतेक. नाही कळलं तरी ऐक.

मी शीव कोळीवाड्यातला. आईला आम्ही आये म्हणतो. आये मासळी विकते, मार्केटात तिची बसायची जागा आहे, आणि पहाटे माल आणायला ती घरातून निघते तेव्हा बाकीचं घर झोपलेलं असतं. पप्पा एका कंपनीत फिटर होते. मी एकुलता एक, शिकलेला, दादरला एका विमा कंपनीच्या ऑफिसात खुर्चीवर बसणारा — म्हणजे घरातला शहाणा. आमच्याकडे गॅसचं बिल असो नाहीतर सोयरिकीचा प्रश्न, शेवटचा शब्द माझा. ही सवय त्यांनी मला लावली असं म्हणणार होतो, पण नाही. मला ती आवडत होती.

नोकरी लागली आणि मी चौफेर सुटलो. शर्टाची बटणं ओढ घ्यायला लागली, दादरचा पूल चढताना मधेच थांबून मोबाईल बघायचं नाटक करावं लागायचं. ऑफिसात एक जण मला ‘शेठ’ म्हणायचा, प्रेमानं म्हणे. एकदा रक्त तपासलं, त्यात जे निघालं ते बघून मी घाबरलो, आणि शिवाजी पार्कात धावणाऱ्या एका ग्रुपला जाऊन चिकटलो.

तो ग्रुप — काय सांगू? बरी माणसं होती. पार्कातल्याच जुन्या घरांतली, कुणी आर्किटेक्ट, कुणी दाताचा डॉक्टर. शुद्ध बोलायची. त्यांच्यात मी पहिल्यांदा ‘सकाळी’मधला ळ नीट म्हणायला शिकलो, हसू नकोस. अंगाला मासळीचा वास येत नाही ना, हे मी धावायच्या आधी बगलेत नाक घालून बघायचो. आणि तिथे एकच मंत्र होता : खंड पडू द्यायचा नाही. पाऊस असो, ताप असो, घरात लग्न असो. एक दिवस खंड पडला की सवय मोडली, सवय मोडली की माणूस मोडला. मला हे फार पटलं. मावशीच्या मुलीच्या हळदीला मी उशिरा पोचलो, कारण धावणं. आजीला हॉस्पिटलातून घरी आणायला गेलो नाही, कारण धावणं. सगळे कौतुकच करायचे — पोराला शिस्त लागली.

आणि बदललो मी, हे खरंय. वजन उतरलं, चेहऱ्याला हाडं आली. घरी मी बोलायला लागलो. बोलायला म्हणजे काय, जेवताना प्रवचन. हे तळलेलं का, ते खारट का, पप्पा तुमचं बीपी, आये तुझं तेल. पप्पा हसायचे, सुक्या बोंबलाचा तुकडा तोंडात टाकायचे आणि म्हणायचे, “डॉक्टर घरातच हाय, मना काय भीती?” मला तेव्हा त्या विनोदाचा राग यायचा. आता येत नाही.

येतो, मुद्द्यावर येतो. टाळतोय, ते मलाही दिसतंय.

तो रविवार होता. त्या दिवशी ग्रुपमध्ये नवीन आलेल्यांच्या पुढे धावायचं काम पहिल्यांदाच माझ्याकडे दिलं होतं. पार्कापासून वरळी सी-फेसला जाऊन परत. आमच्या ग्रुपात हा मान होता — वेगळ्या रंगाचा टी-शर्ट, आणि सगळे तुझ्या मागे. कोळीवाड्यातला ‘शेठ’ पुढे आणि पार्कातली मंडळी मागे. आठवडाभर मी याच एका गोष्टीवर जगत होतो. आये पहाटेच गेली होती. मी दारात बसून बुटाच्या नाड्या बांधत होतो, आणि पप्पा आतून उठून आले. बनियनवर होते. दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

“बाला, जरा डॉक्टरकडं येतंस का माझ्याबरोबर? छातीवर कोनतरी बसल्यासारका वाटतंय.”

मी वर बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. बघितला मी तो घाम — म्हणजे तुला असं वाटायला नको की माझ्या लक्षात आलं नाही. आपल्याकडे छातीत काहीही झालं की त्याला एकच नाव असतं. ज्यानं ते नाव शोधून काढलं त्यानं किती घरं बुडवली असतील, कोण जाणे. पण मी तर माहितीचा माणूस होतो ना? छातीवरचा भार, घाम, बीपीचा पेशंट — हे सगळं मी वाचलं होतं, ऑफिसच्या एका शिबिरात उभं राहून लोकांना सांगितलंही होतं.

मी म्हणालो, “गॅस असेल, पप्पा. रात्री तळलेलं किती खाल्लंत? सांगून सांगून थकलो. कोमट पाणी प्या, मी आलो की बघू.”

ते म्हणाले, “बरा. जा तू. उशीर होईल तुला.”

आणि मी गेलो. झालं? एवढंच? नाही, एवढंच असतं तर कदाचित मी हे कधीतरी कुणाला सांगूनही टाकलं असतं. चूक झाली, कळलं नाही, असं म्हणता आलं असतं. पण कळत होतं. स्कूटरला किक मारताना एकदा आत जाऊन बघावं असं वाटलं होतं, आणि त्याच क्षणी दुसरा विचार आला की आत गेलो तर जाता येणार नाही. म्हणून नाही गेलो आत.

त्या दिवशी मी जितका छान धावलो तितका त्याआधी कधी धावलो नव्हतो. वरळीला समुद्रावरून वारा येत होता, मागून कुणीतरी ओरडलं, “काय स्टॅमिना आहे रे तुझा!” नारळपाणी प्यायलो, सगळ्यांनी मिळून फोटो काढला, मी मधोमध. फोटो तिथूनच स्टेटसला टाकला, वर लिहिलं — नो एक्स्क्यूज. मग कमरेच्या पट्ट्यातला मोबाईल नीट बघितला. शेजारच्या वहिनीचे फोनवर फोन येऊन गेले होते.

त्यांनीच पप्पांना टॅक्सीत घालून हॉस्पिटलात नेलं होतं. मी पोचलो तेव्हा ते गेलेले होते. वेळेवर नेलं असतं तर वाचले असते का? माहीत नाही. तिथे डॉक्टर समोर उभे होते, विचारता आलं असतं. नाही विचारलं. त्यांनी मला विचारलं, आधी काही तक्रार होती का, आणि मी मान हलवली — नाही.

आये मार्केटातून तशीच आली, अंगावर ओलं लुगडं, पायाला खवले चिकटलेले. ती रडली नाही लगेच. माझा दंड धरला आणि विचारलं, “सकाली काय बोलले का रं ते तुला?”

“नाय, आये. झोपलेले.”

पहिलं खोटं हे. त्या तोंडाला कोळीवाडा बरोबर आठवला, बघ — तिथे ‘नाही’ नाही आलं. तो फोटो मी त्याच संध्याकाळी काढून टाकला. कुणी वेळ बघितली तर? बाप गेलेल्या माणसाला त्या दिवशी सुचलं काय, तर हे.

पण अजून राहिलंय. खरं सांगायचं ते यापुढेच आहे.

सुतकात घर भरलेलं. येणारा प्रत्येक जण तेच विचारायचा : धडधाकट माणूस, असा कसा गेला? शेजारच्या वहिनी सांगत होत्या की त्यांनी दार वाजवलं तेव्हा भाऊ, म्हणजे पप्पा, म्हणाले, सकाळपासून होतंय. सकाळपासून. हे दोन-तीनदा कानावर आलं. सकाळी घरात कोण होतं, हे मोजायला काय लागतं? कुणीतरी आता माझ्याकडे बघणार, असं वाटलं. बघितलं नव्हतं हं कुणी. नुसतं वाटलं. आणि मी बोलायला लागलो, माझ्या त्या जेवतानाच्या आवाजात. म्हणालो, हे सकाळचं नव्हे, वर्षानुवर्षांचं आहे. सुकी मासळी, मीठ, तळण, रोजच्या रोज. बीपीच्या माणसाला हे विषच. डॉक्टर बोलले मला तसं.

डॉक्टर एक अक्षर बोलले नव्हते.

सगळ्यांनी माना डोलावल्या. का नाही डोलावणार? माझ्या अंगावर पुरावा होता, सपाट पोट आणि वर आलेली हाडं. आये भिंतीला टेकून बसली होती. तिनं कुणाकडे बघितलं नाही. एवढंच म्हणाली, “मीच वाढीत होते ना.”

इथे बोलायचं होतं. त्या एका वाक्यानंतर मला सगळं परत घेता आलं असतं — आणि मला सुटका वाटली. ऐकतोयस की ऐकतेयस, जे असशील ते. माझ्या आईनं नवऱ्याला मारल्याचा आळ स्वतःवर घेतला आणि मला हलकं वाटलं.

त्यानंतर आमच्या घरातलं तळण गेलं. सुकी मासळी गेली. आयेनं स्वतःच्या जेवणातलं मीठ इतकं कमी केलं की एकदा मार्केटात चक्कर येऊन पडली. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा सुक्या मासळीवरच तिचा धंदा चालायचा, ती तिनं विकायची बंद केली. केस पिकलेलं कुणी गिऱ्हाईक आलं की विचारते, घरात बीपी हाय का? असलं तर दुसरीकडे पाठवते. बाजूच्या बायका हसतात तिला, वेड लागलंय म्हणतात. आणि मला लोक म्हणतात, तू घराला वळण लावलंस. वाड्यातल्या आया आपली पोरं माझ्याकडे पाठवतात, याला जरा चांगल्या सवयी लाव म्हणून. मी लावतो. ऑफिसात गेल्या वर्षी मला आरोग्यावर बोलायला उभं केलं, आणि मी माझ्या वडिलांचं उदाहरण दिलं. दिलं मी. चुकीच्या आहारानं गेले, म्हणालो. एक बाई डोळे पुसत होती.

सवयी चांगल्या आहेत, त्यांच्यात खोट नाही. मी अजून धावतो. खंड पडलेला नाही — ते गेल्याच्या दुसऱ्या दिवसाचासुद्धा नाही, लोकांना वाटलं दुःख विसरायला धावतोय.

आता हे आत्ताच का सांगतोय, ते. परवा पितृपक्षात पप्पांचं पान होतं. आमच्यात गेलेल्या माणसाला जे आवडायचं तेच पानावर ठेवतात, मासळीसकट, कुणाकुणाकडे पेलाही ठेवतात. आत्या, पप्पांची बहीण, सकाळीच आली आणि बघते तर आयेनं पानावर काय मांडलेलं — उकडलेला दुधी, बिनतेलाची आमटी, वाफवलेली पापलेटची तुकडी. आत्या भडकली. म्हणाली, “अगो, माज्या भावाला तो आजारी मानसाचा जेवान वाढतंस? वर्साचा एक दिस येल तो!”

आये वळलीही नाही. “आता तरी त्यांना बाधाला नको,” म्हणाली.

आत्या पदर डोळ्याला लावून बाहेर ओट्यावर जाऊन बसली. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच. आयेनं मिठाच्या बरणीत हात घातला, आमटीवर धरला आणि थांबली. चिमटीतलं मीठ तिनं मला दाखवलं. मेलेल्या नवऱ्याच्या पानात किती मीठ घालायचं, ते ती मला विचारत होती. “एवढा चालंल ना रं?”

बाहेर आत्या होती. सांगायचं असतं तर यापेक्षा चांगली वेळ नव्हती.

मी म्हणालो, “थोडं कमी कर.”

तिनं कमी केलं.